चिलक

फलकावरून तीन बैठका झाल्या.
वर कुठली लिपी, खाली कुठली,
शेजारी शेजारी घेतल्या तर डावीकडं कोण.
शेवटी भरमाणी पेंटर म्हणाला, गोल रंगवतो की,
म्हणजे वर-खाली नको कुणाला.
रंगवलंही त्यानं. वाचायला भोवती फिरावं लागलं असतं.
पण पंचवीस जानेवारीच्या पहाटे
मलप्रभेकडनं वारं सुटलं
आणि फलक पालथा पडला भाताच्या धसकटात.
तसाच उचलून दोन डांबराच्या पिंपांवर ठेवला.
मतपेट्यांना टेबल नव्हतंच.

मी पंचायतीचा वसुली कारकून.
घरपट्टीला गेलो की माणसं आतूनच ओरडतात,
घरात कोण नाही.
त्या दिवशी माझ्यापुढं रांग.
मी दोनदा मागं वळून बघितलं,
माझ्या पाठीमागं कोण बसलंय की काय.

जत्राच ती. गिरमिटाची गाडी, उसाचा रस,
यादीत नाव शोधून द्यायचा मांडव.
तिथं गंगव्वा कणबरकर
बोटानं ओळी चाचपत होती, भाकरी भाजली का बघावं तशी.
सापडलं तेव्हा म्हणाली,
चौऱ्याण्णव वय लावलंय मेल्यांनी, एकोणसत्तर हाय मी.
असू दे. हाय न्हवं?

कर्ण्यावरून तेच भाषण दोनदा झालं, दोन भाषांत.
मधे वाजणारी शिट्टी तेवढी एकच.

खरी शाई कचेरीनं दिली नाही.
दवाखान्यातल्या बाईंनी पोटॅशियम कालवून दिलं,
ते लावलं बोटांना, पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या.
चार दिवस जाईना.

प्रश्न होता, गावाला आधी काय हवं.
कमान, बस, वाचनालय, असे तीन खोके.
चौथा बिस्किटांचा पुठ्ठा, त्यावर 'इतर',
रिकामा दिसला तर वाईट म्हणून मीच कोपऱ्यात ठेवलेला.
कमानीचं चित्र अध्यक्षांनी आधीच काढून आणलं होतं,
दोन्ही बाजूंना एकेक हत्ती, सोंडा वर.

संध्याकाळी मोजायला बसलो.
कमान एकसष्ट. बस अठ्ठ्याऐंशी.
वाचनालय बावीस, त्यातली दोन ग्रंथपालाच्या घरची.
मग पुठ्ठा उपडा केला.

वहीची पानं, औषधाची वेष्टनं, एक एसटीचं तिकीट.
पहिली चिठ्ठी: कडी.
दुसरी: कडी पाहिजे.
तिसरी कानडीत. अक्षर लावून मोठ्यानं वाचलं, चिलक.
म्हटलं, चिलक? कुणाच्या कमरेत?
अध्यक्ष हसले. मीही हसलो.
कानडी शाळेच्या अक्कोरू हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आमच्यात चिलक म्हणजे कडी.

एका कुंपणात दोन शाळा, पोरींचा संडास एक.
आतली कडी कधी गेली कुणाला ठाऊक.
एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी,
आणि जिची मैत्रीण आली नाही
ती दिवसभर पाणी पीत नाही.

एकशे सतरा चिठ्ठ्या.
कडी, चिलक, कडी, कडी, चिलक.
एकीनं तर नुसतं चित्र काढलं होतं,
दार, आणि दाराला बाहेरून लावलेला हात.
अध्यक्षांनी कमानीची सुरळी करून खाकेत धरली.
ठराव लिहायला वेळ लागेल म्हणाले,
अंदाजपत्रक, मंजुरी, मार्चनंतर बघू.

सकाळी खानापूरच्या बसनं गेलो.
कडी पंचेचाळीस रुपये, स्क्रू आठ.
दुकानदारानं विचारलं, पावती कुणाच्या नावे?
काय सांगायचं सुचेना.
तशीच आणली.

भरमाणीनं स्क्रू पिळले. बोटावर अजून डाग होता त्याच्या.
कुणीतरी बघायला हवं, लागते का.
दोन्ही शाळांच्या पोरी लांब उभ्या, कुणी पुढं होईना.
मग पाचवीतली एक, रिबीन सुटलेली, पळत आत शिरली.

खट्.

मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर दार धरायला सवयीनं गेलेली दुसरी
हात तसाच उचलून उभी,
कुठं ठेवावा ते न कळून.